कॉइल टिकवायची माझी पद्धत

१२ जानेवारी, सोमवार

कॉइल गेली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासूनची ही तिसरी.

रमोनाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "एमिल, हे पुन्हा मेलं." जाऊन बघतो तर यंत्र टेबलावर, दिवा लुकलुकतोय आणि वाटीतलं मेण जसंच्या तसं.

यंत्र तिचं आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेत नस दबली आणि दुखणं डाव्या पायात उतरलं. बोटांचा संधिवात त्याआधीचाच. गोळ्या घेतल्या की ओकायची, नाही घेतल्या की भिंत धरून चालायची. शेवटी डॉक्टरनेच सुचवलं आणि हायवेवरच्या गांजाच्या परवानाधारक दुकानातून हे आणलं. खाली बॅटरी, वर पाण्याची काच, मध्ये नखाएवढी वाटी. वाटीत गांजाच्या अर्काचं मेण तांदळाच्या दाण्याएवढं ठेवायचं, बटण दाबायचं. वाटीखालची कॉइल तापते, मेणाची वाफ होते, ती ओढायची. थोड्या वेळाने तिच्या कपाळावरच्या आठ्या जातात. मी स्वतः ओढत नाही. मला बिअर पुरते.

माझा मुद्दा वेगळा आहे. मी सगळी नोकरी इथल्या पोलाद कारखान्यात विजेच्या भट्टीच्या देखभालीवर काढली. माझ्या पाळीत भट्टीचं अस्तर कधी वेळेआधी गेलं नाही. आणि माझ्याच घरात नखाएवढी भट्टी महिनाभर टिकू नये? नाकावर टिच्चून चाललंय हे.

"आजपासून यात मी लक्ष घालणार," मी म्हटलं.

"देवा," रमोना म्हणाली, "त्यापेक्षा गॅरेज आवर."

गेल्या वसंतात निवृत्त झाल्यापासून गॅरेज तीनदा आवरून झालंय. बाकी वेळ अंगणात बसतो. तिथून कारखान्याचं धुराडं दिसतं.

१३ जानेवारी

दुकानात गेलो. तिथे कॉर्लिस नावाची बाई असते. पन्नाशीची, आधी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, त्यामुळे बोलताना तिची नजर आपल्या दातांवर असते. मी तोंड शक्य तितकं मिटून बोललो.

तिने दाखवलं. जुनी कॉइल फिरवून काढायची, नवी नुसत्या बोटांनी बसवायची, पक्कड लावायची नाही. आधी दोन वेळा रिकामीच तापवायची, नवेपणाचा वास जाईपर्यंत. आणि प्रत्येक झुरक्यानंतर वाटी कोमट असतानाच कापसाच्या काडीने पुसून घ्यायची.

"एवढं केलं की किती टिकते?"

"टिकते तितकी टिकते हो. बुटाचा तळ कसा झिजतो? झिजण्यासाठीच असते ती."

मला हे पटलं नाही. माझे बूट अकरा वर्षांचे आहेत.

१५ जानेवारी

नवी कॉइल बसवली. आधी मल्टिमीटरने तिचा रोध मोजला, मग बसवल्यावर पुन्हा मोजला. आकडा तोच. रिकामी तापवली. दोन वेळा पुरेल असं कॉर्लिस म्हणाली होती, मी चार वेळा तापवली.

रमोना दारात उभी राहून बघत होती. "शीळ घालतोयस," ती म्हणाली.

"कोण?"

"तू."

मी शीळ घालत नाही. ती हसली आणि आत जाऊन ट्वायलाला फोन लावला. ट्वायला बीसन आमच्याच गल्लीत वरच्या टोकाला राहते. नवरा रेल्वेत होता, तो गेला. आता कोंबड्या आहेत आणि तोंड आहे. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. माझं नाव दोनदा ऐकू आलं. कॉइलचं कौतुक चाललं असावं.

२० जानेवारी

आता प्रत्येक झुरक्याला मी हजर असतो. तिने वाफ सोडली की मी वाटी पुसतो. आधी कोरडी काडी, मग स्पिरिटमध्ये जेमतेम बुडवलेली, मग पुन्हा कोरडी. वाटी आरशासारखी राहते.

"एमिल, तू असा काडी घेऊन उभा राहिलास ना, की मला तपासणीला बसल्यासारखं वाटतं."

"तू ओढ. माझ्याकडे बघू नकोस."

"बघू नको काय, तुझा कोपर माझ्या कानात आहे."

जागा कमी पडते हे खरं. उद्यापासून डाव्या बाजूने उभा राहीन.

तिने काचेच्या मानेला माझ्याच पेटीतली काळी कापडी पट्टी गुंडाळलीय. न विचारता. तिरक्या वेढ्यांनी, आणि वर अंगठा अडकवायला एक फास ठेवलाय, कारण बोटं मिटत नाहीत तिची. दिसायला गबाळं आहे. पण काच हातून सुटत नाही, म्हणून राहू दिलं.

२४ जानेवारी

रोगाचं मूळ सापडलं!

यंत्राला चार रंग आहेत. निळा सगळ्यात कमी तापतो, मग हिरवा, मग लाल, आणि पांढरा सगळ्यात जास्त. रमोना लालवर चालवते. कधीकधी पांढऱ्यावर. पांढऱ्यावर! भट्टी रोजच्या रोज अशी तापवणाऱ्या माणसाला आम्ही पाळीवर उभं केलं नसतं.

मोबाईलवरच्या यंत्राच्या अ‍ॅपमधून वरचे तिन्ही रंग बंद करून टाकले. आता फक्त निळा. वाफ पातळ येते, पण येते.

पहिल्या झुरक्यानंतर रमोना पाय चोळत बसली. मग म्हणाली, "अरे, काही लागतच नाहीये."

"चव जास्त येते निळ्यावर. पत्रकात लिहिलंय."

"मला चव नकोय, एमिल."

मी तिला कॉइल काढून दाखवली. एरवी इतक्या दिवसांत कडेने काळी पडते, ही नव्यासारखी होती. मी तिला रोध, उष्णता, धातूचा थकवा, सगळं समजावलं. बराच वेळ बोललो. ती कॉइलकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "बरं बाबा. निळा तर निळा."

समजावून सांगितलं की माणसाला पटतं.

३१ जानेवारी

एक अपघात झाला. वाटीच्या खाली, तारेपाशी किंचित चिकट दिसत होतं, म्हणून अख्खी कॉइल स्पिरिटमध्ये बुडवून ठेवली आणि फुंकर मारून लगेच बसवली. बटण दाबल्यावर चर्र झालं आणि संपलं.

कॉर्लिसने विचारलं, "धुतलीत की काय?"

"जरा."

"पोहायला सोडलीत ना?" ती हसली आणि या वेळी माझे दात तिला सगळे दिसले असणार, कारण माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

ही कॉइल माझ्या पद्धतीत धरायची नाही. मोजणी आजपासून नव्याने.

९ फेब्रुवारी

नवी कॉइल उत्तम. आकडा तसूभर हललेला नाही.

रमोना हल्ली दुपारी ट्वायलाकडे रजई शिवायला जाते. पाय दुखत असताना चढावर चालत जाते आणि येताना मात्र झपझप येते. मी म्हटलं, "बोटं मिटत नाहीत तुझी, शिवतेस कशी?"

"शिवताना दुखत नाही."

"असं कसं?"

"असंच असतं ते."

बायकांच्या कामात मी डोकं घालत नाही. रजई मात्र अजून घरी आलेली नाही. विचारलं तर म्हणाली मोठी आहे.

आणखी एक नोंद: निळा रंग तिला मानवलाय. ट्वायलाकडून आली की स्वयंपाक करताना गाणं म्हणते. काल हिरव्या मिरचीचा रस्सा केला, बऱ्याच दिवसांनी. झोपही बरी लागते. कमी उष्णतेचा परिणाम सावकाश पण खोलवर होत असावा. हे कुणी कुठे लिहिलेलं दिसत नाही.

तिच्या शालीला ट्वायलाच्या घराचा वास येतो, पाइनच्या डिंकासारखा. बाई चुलीत ओली लाकडं जाळत असणार. धुराडं तपासून घे म्हणून सांगायला हवं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून आलो. ईस्टरपर्यंतच्या उपासात काय सोडायचं ते दरवर्षीप्रमाणे गाडीत ठरवलं. मी बिअर सोडली. रमोना म्हणाली, "मी कुरकुर सोडते."

"कशाची कुरकुर?"

"कशाचीच करणार नाही."

मला हसू आलं. तिला हे जमायचं नाही, मी मनात म्हटलं. पण आता संध्याकाळ झाली, एक शब्द नाही. घरात इतकी शांतता आहे की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उपासात शुक्रवारी मांस नाही, म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळायचा शुक्रवार. माझ्याकडे कढई होती. कढईतल्या तेलाच्या उष्णतेवरून विषय निघाला आणि मी कॉइलबद्दल सांगितलं. पाद्री ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. त्यांना दुसरीकडे जायचं होतं असं नंतर लक्षात आलं.

येताना दुकानात थांबलो. मेण घ्यायचं नव्हतं. जानेवारीतली बरणी अजून अर्धीही संपली नाही, हाही निळ्याचाच फायदा. मी फक्त कॉर्लिसला सांगायला गेलो की माझ्या कॉइलने घरातला आधीचा सगळा विक्रम मोडलाय आणि ती हवं तर माझी पद्धत भिंतीवर लावू शकते.

"वा," ती म्हणाली. "आणि रमोना कशी आहे?"

"कॉइलवर एक डाग नाही."

"हो, पण रमोना कशी आहे, एमिल?"

"तेच सांगतोय. उत्तम."

ती माझ्याकडे बघत राहिली. दातांकडे नाही, डोळ्यांकडे. मग म्हणाली, "मेण एवढं शिल्लक कसं राहतं हो?" मी म्हटलं, काटकसर. कॉइलच्या गोष्टीत ही बाई सारखी रमोनाला का आणते कळत नाही.

७ मार्च, शनिवार

बर्फ. कालपासून थांबायचं नाव नाही. मार्चमधलं बर्फ हे असंच, ओलं आणि जड. गल्ली बंद, ट्वायलाच्या घरापर्यंत गुडघाभर थर.

दिवसभर घरातच. रमोनाला तीन वेळा निळ्यावर झुरका दिला, तिन्ही वेळा पुसून घेतलं. तिच्या हातातला कप पडला. थंडीने बोटं आखडतात. कपाचा कान तेवढा तुटला, चिकटवला.

८ मार्च

बर्फ. चर्च बंद.

रमोना न्हाणीघरात खूप वेळ होती. नळ सुरू होता. मी दारावर टकटक केली, "ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. तोंड धुतेय."

नळ तसाच चालू राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, साबण गेला असेल. त्या नळाचा वॉशर बदलायला हवा, बंद करताना फार जोर लागतो, तिच्या बोटांना झेपत नसेल.

कॉइल: उत्तम.

९ मार्च

सकाळी बघतो तर रमोना माझे बूट घालून दारात. वर माझाच कोट.

"कुठे?"

"ट्वायलाकडे. दोरा संपलाय."

"रजई तिच्याकडे आहे. दोरा इथे संपेल कसा?"

तिने दाराची कडी धरून ठेवली होती. "एमिल," ती म्हणाली, "मला जायचंय." आवाज अगदी साधा होता. कुरकुर अजिबात नाही. उपास पाळतेय खरं.

रजईचं एवढं वेड मी पाहिलेलं नाही. पण जाऊ कशी देणार, पाय घसरला तर? मी फावडं घेतलं आणि आमच्या दारापासून ट्वायलाच्या दारापर्यंत वाट काढली. अर्धी सकाळ गेली, कंबरेचा काटा ढिला झाला. रमोना माझ्या मागे मागे, मी उकरेन तसं एकेक पाऊल. मध्ये एकदा मागे वळलो तर तिने दातांखाली शाल धरली होती. थंडी फार होती.

ट्वायलाने दार उघडलं, रमोनाला आत ओढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बर्फ पाडलंय.

"मी येऊ का आत? कॉफी तरी—"

"तू जा घरी, मेल्या," ती म्हणाली आणि दार लावलं.

वाट काढून दिल्याचे हे आभार.

१३ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं लिहितो.

रमोना डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. ट्वायला आली. हातात खोकं. "यातलं तुला कळतं म्हणे. माझं यंत्र बंद पडलंय. बघ जरा."

मला माहीतच नव्हतं हिच्याकडे यंत्र आहे. "तूही ओढतेस?"

"झोपायच्या आधी एकदा. गुडघ्यासाठी. बघतोस की चौकशी करतोस?"

गॅरेजमध्ये नेऊन उघडलं. अशी कॉइल मी उभ्या जन्मात पाहिली नाही. काळीठिक्कर. वाटीच्या कडेला जळक्या मेणाचा दगड झालेला, तार मधोमध तुटलेली. रंग बघितला. पांढरा.

मी तिला झापलं. म्हटलं, रोज एकदा ओढून ही दशा होत नाही. ही दिवसातून पाच-सहा वेळा तापवलेली आहे, कमाल उष्णतेवर, आणि घाईघाईत, पुसायचीही सवड न घेता. म्हटलं, गुडघ्याला एवढं लागतं? दारूसारखं ढोसतेस की काय, एकटी बाई तू!

ट्वायला कधी गप्प बसत नाही. आज गप्प बसली. मी काच बाजूला ठेवायला उचलली.

काचेच्या मानेला काळी कापडी पट्टी होती. तिरके वेढे. वर अंगठ्यासाठी फास.

ट्वायलाचे हात धडधाकट आहेत. बरणीचं झाकण माझ्याकडून उघडलं नाही तर ती उघडते. तिला फास कशाला लागेल?

मी पट्टीकडे बघत उभा राहिलो. ट्वायला म्हणाली, "बस एमिल. त्या बादलीवर बस."

बसलो.

"रजई कुठे आहे?" मी विचारलं. काय मूर्खासारखा प्रश्न!

"नाहीये रे कसली रजई."

"मला का नाही सांगितलं तिने? निळ्याने भागत नाही म्हणून?"

"सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगितलं. तू तिला धातूवर भाषण दिलंस." ती दुसरी बादली उलटी करून माझ्यासमोर बसली. "मी तिला म्हटलं, दोन थोबाडीत दे त्याला आणि यंत्र हिसकावून घे. तर म्हणते कशी, नको ट्वायला, राहू दे. अख्खा उन्हाळा तो खुर्चीत बसून धुराडं बघत होता. जेव म्हटलं तर जेवायचा, झोप म्हटलं तर झोपायचा. आता शीळ घालतो, म्हणाली. मी चढ चढून येईन तुझ्याकडे, पण त्याची शीळ बंद नको व्हायला."

मी शीळ घालतो हे मला खरंच माहीत नव्हतं.

"बर्फात तू वाट काढलीस ना," ट्वायला म्हणाली, "त्या दिवशी ती माझ्या सोफ्यावर तासभर बोलू शकली नाही. आणि पहिलं काय बोलली माहितेय? एमिलची कंबर दुखेल. मेल्या, मला तर तुला त्याच फावड्याने हाणावंसं वाटत होतं."

मी तिची कॉइल बदलली. नवी बसवली, दोनदा रिकामी तापवली. ती गेली तेव्हा माझ्याकडून आभार मानायचे राहून गेले, आणि तिनेही मानले नाहीत.

मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१४ मार्च

रमोनाला काही बोललो नाही. बोलायचं ठरवून तीनदा स्वयंपाकघरात गेलो आणि तीनदा पाणी पिऊन आलो.

वॉशर बदलला. नळ आता एका बोटाने बंद होतो.

१५ मार्च, रविवार

चर्चमधून येताना गाडी नदीकाठी थांबवली. ती म्हणाली, "पेट्रोल संपलं?"

"किती दुखतं तुला?"

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. "उपास आहे माझा."

"मोड तो उपास."

"मोडून कसं चालेल? देवाला कबूल केलंय."

"त्याला सांग, पाळीच्या फोरमनने मोडायला लावला. मला सांग, रमोना. किती दुखतं?"

मग तिने सांगितलं. ते सगळं इथे लिहिणार नाही. सकाळी पाय पलंगावरून खाली ठेवताना काय होतं, ते सांगितलं. बटणं का लावत नाही, ते सांगितलं. त्या दिवशी कप थंडीने पडला नव्हता. नळ का सुरू होता, तेही सांगितलं. मी पंचेचाळीस वर्षं या बाईच्या शेजारी झोपतोय आणि यातलं अर्धं मी पहिल्यांदा ऐकत होतो. ऐकताना मी स्टिअरिंग धरून रडलो. ती म्हणाली, "अरे, म्हणून तर सांगत नव्हते," आणि मला रुमाल दिला, तोही तिच्या बोटांतून खाली पडला आणि मग आम्ही दोघं एकदम वाकलो आणि डोकी आपटली.

"आई गं," ती म्हणाली. "हे नवीन दुखणं."

मी खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यासमोर चारही रंग उघडून दिले.

"आणि तुझी कॉइल?"

"खड्ड्यात गेली कॉइल."

"असं नको म्हणूस. छान चालली होती. विक्रम झाला होता ना?"

विक्रम कसला! वापरलीच नव्हती तर जळणार काय?

१६ मार्च

दुकानात गेलो. कॉर्लिसला म्हटलं, कॉइलचा खोका द्या. एक नाही, अख्खा खोका.

"पद्धत बदललीत?"

"झिजण्यासाठीच असते म्हणालात तुम्ही."

तिने खोका काढून ठेवला. "रमोना कशी आहे?"

मी सांगितलं. खरं खरं सांगितलं, काउंटरवर हात टेकून. मागे दोन माणसं उभी होती, ती थांबली. कॉर्लिसने झोपेच्या वेळेसाठी दुसऱ्या जातीचं मेण दाखवलं आणि पांढऱ्यापेक्षा लालवर दोन छोटे झुरके बरे, असं सांगितलं. छाती भाजत नाही आणि आराम तेवढाच मिळतो. ते मी आधी विचारायला हवं होतं.

पुसायचं काम माझ्याकडेच आहे. पण आता ती म्हणेल तेव्हा. तोवर मी बाहेर थांबतो.

४ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. ईस्टरच्या जेवणाची टोपली घेऊन चर्चमध्ये आशीर्वादाला गेलो. टोपलीत हॅम, अंडी, तिखट मुळा आणि पोटीत्सा. अक्रोडाची ही गुंडाळी माझी आई करायची. तिच्यानंतर रमोना शिकली, पण दोन वर्षं तिच्याकडून पीठ लाटलं गेलं नव्हतं. काल लाटलं. टेबलभर पातळ, वर्तमानपत्र वाचता येईल इतकं. मध्ये दोनदा थांबली, दोनदा यंत्र घेतलं. शेवटची गुंडाळी मी केली, ती फाटली. ट्वायला म्हणाली, "ती तुझ्याच टोपलीत ठेव."

ट्वायला हल्ली दुपारी आमच्याकडे येते. चढ उतरायला सोपा असतो म्हणते. दोघींनी खरोखरच रजईला हात घातलाय. अत्यंत कुरूप आहे.

६ एप्रिल, सोमवार

कॉइल गेली.

दुपारी रमोनाने आतून हाक मारली, "एमिल, हे पुन्हा मेलं." मी यंत्र गॅरेजमध्ये आणलं. कडेने पूर्ण काळी, मध्ये करपलेली, तार लोंबतेय. महिनाही टिकली नाही. मी ती फिरवून काढली आणि उजेडात धरून बराच वेळ बघितली. एकही जागा अशी नव्हती की जी जळली नव्हती. मग ती टाकून दिली, खोक्यातली दुसरी घेतली आणि बोटांनी बसवायला लागलो.

आतून आवाज आला, "शीळ घालतोयस."

"हो," मी म्हटलं.